आवाज येतोय का? कार्यालयातील इंटरनेट दूरध्वनीची जुळवणी

कार्यालयातील मेजावरचा इंटरनेट दूरध्वनी दिसायला जुन्या दूरध्वनीसारखाच असतो. तोच रिसीव्हर, तीच बारा बटणे, घंटाही जवळपास तशीच. आतला व्यवहार मात्र पूर्णपणे वेगळा असतो. तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीत दोन माणसांचे बोलणे सुरू होताच त्यांच्यामध्ये एक संपूर्ण मार्ग राखून ठेवला जात असे आणि बोलणे संपेपर्यंत त्या मार्गावर तिसऱ्या कोणाचा हक्क नसे. इंटरनेट दूरध्वनीत असा राखीव मार्ग नसतो. बोलणाऱ्याचा आवाज बारीक तुकड्यांत कापला जातो, प्रत्येक तुकड्यावर पत्ता चढविला जातो आणि हे तुकडे ई-मेल, चित्रफिती, हिशेबाच्या फाइली यांच्या गर्दीतून वाट काढत पलीकडे पोहोचतात. ‘आवाज येतोय का?’, ‘मध्येच कट होतंय’, ‘तुमचा आवाज घुमतोय’ ही आजच्या कार्यालयांतील रोजची वाक्ये या तुकड्यांच्या प्रवासातून जन्मलेली आहेत. त्यांवर सहसा दोन उपाय केले जातात: अधिक वेगाची इंटरनेट जोडणी घेणे किंवा अधिक महागाचा फोन घेणे. बहुतेक वेळा दोन्ही उपाय चुकीच्या जागी पडतात, कारण आवाजाला वेगापेक्षा वेळेवर पोहोचण्याची गरज असते, आणि ती गरज भागविणारी सेटिंग फोनमध्ये थोडी व राउटरमध्ये फार असतात.

हे पटण्यासाठी थोडे अंकगणित आवश्यक आहे. माणसाच्या आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याची जी पद्धत जगभरच्या दूरध्वनी व्यवस्थेत रुजली, तिचे प्रमाणक ‘जी.७११’ या नावाने १९७२ मध्ये ठरले. या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिले जाते. म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट, अर्थात ६४ केबीपीएस. इंटरनेट दूरध्वनी या प्रवाहाचे साधारणपणे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, तेव्हा एका सेकंदाच्या बोलण्याची ५० पाकिटे होतात. या पाकिटांना संगणकाच्या भाषेत पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटात आवाजाचे १६० बाइट आणि त्यावर पत्ता, क्रमांक, वेळेचा शिक्का अशा नोंदींचे ४० बाइट असतात. सगळा हिशेब केला तर एका दिशेच्या एका संभाषणाला ८० केबीपीएस लागतात, आणि कार्यालयातील तारेवरची आणखी थोडी वेष्टने धरली तर सुमारे ८७. एकाच वेळी दहा माणसे फोनवर बोलत असली तरी प्रत्येक दिशेला १ एमबीपीएसदेखील पुरा खर्च होत नाही. शंभर एमबीपीएसची जोडणी असलेल्या कार्यालयात आवाज तुटत असेल, तर जागा कमी पडल्यामुळे तो तुटत नाही हे या हिशेबावरून उघड आहे.

खरे कारण मालाच्या स्वभावात आहे. फाइल पाठविताना एखादे पॅकेट वाटेत गळाले तर संगणक ते पुन्हा मागवून घेतो, फाइल अर्ध्या सेकंदाने उशिरा पूर्ण होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बोलण्यात ही सवलत नाही. ‘नमस्कार’मधला ‘म’ उशिराने आला, तर तोवर ‘स्कार’ ऐकवून झालेला असतो. उशिरा आलेले पॅकेट हरवलेल्या पॅकेटाइतकेच निरुपयोगी ठरते आणि फोन ते टाकून देतो. म्हणून आवाजाच्या बाबतीत तीन गोष्टी मोजल्या जातात. पहिली विलंब, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत लागणारा वेळ. दुसरी जिटर, म्हणजे त्या विलंबातील चढउतार. दर २० मिलिसेकंदांनी निघालेली पॅकेटे पलीकडे कधी ५ तर कधी ६० मिलिसेकंदांच्या अंतराने पोहोचणे. तिसरी गळती, म्हणजे वाटेत हरवलेल्या पॅकेटांचे शेकडा प्रमाण.

विलंबाबाबत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ‘जी.११४’ या शिफारशीने एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक संभाषणांना चालण्याजोगा मानला आहे आणि ४०० मिलिसेकंदांच्या पलीकडे जाऊ नये असे सांगितले आहे. मधल्या पट्ट्यात आवाज स्वच्छ असूनही संभाषण बिघडते. एक जण थांबला असे समजून दुसरा बोलू लागतो, तेवढ्यात पहिल्याचे पुढचे वाक्य येऊन आदळते, दोघेही थांबतात आणि ‘बोला, बोला, तुम्ही बोला’ सुरू होते. या १५० मिलिसेकंदांतील बराच भाग आधीच खर्च झालेला असतो. पॅकेट भरण्यातच २० जातात आणि पलीकडच्या फोनमधील साठवणीत ४० ते ६०. काचतंतूतून प्रकाशाला दर हजार किलोमीटरला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे नाशिक ते पुणे हे अंतर हिशेबात धरण्याइतकेही नाही. परंतु सेवा देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर परदेशात असेल आणि दोन्ही फोनचा आवाज त्याच्यामार्फत जात असेल, तर नाशिकचे बोलणे समुद्र ओलांडून पुण्याला पोहोचते. करार करण्यापूर्वी आवाज भारतातील सर्व्हरवरून जाईल की बाहेरच्या, एवढा एक प्रश्न विचारला तर फोनच्या कोणत्याही सेटिंगने जे साधणार नाही ते साधते.

जिटर आणि गळती यांचे माहेर मात्र परदेशात नसते. ते बहुधा कार्यालयाच्याच दारात, राउटर आणि इंटरनेट कंपनी यांच्यामधल्या जोडणीवर असते. कार्यालयाच्या आत तारा १,००० एमबीपीएस वेगाने धावतात आणि बाहेर जाणारा मार्ग २० किंवा ५० एमबीपीएसचा असतो. सहापदरी महामार्ग एकेरी घाटात शिरावा तसे तेथे घडते: घाटाच्या तोंडाशी रांग लागते, आणि पुढे कंटेनर चढत असेल तर मागच्या दुचाकीला तिचा आकार कितीही लहान असला तरी त्याच्याच चालीने चालावे लागते. राउटरमध्ये ही रांग साठविण्यासाठी स्मृती असते. बाहेरचा मार्ग २० एमबीपीएसचा आहे आणि त्याच्या तोंडाशी १ मेगाबाइट माल तुंबला आहे असे समजा. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट, ते २० च्या वेगाने बाहेर पडायला ०.४ सेकंद लागतात, आणि त्या रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या आवाजाच्या पॅकेटाला ४०० मिलिसेकंद जागच्या जागीच जातात. जी.११४ ने घातलेली शेवटची मर्यादा येथे उंबरठा ओलांडण्याआधीच संपते. स्मृती स्वस्त झाल्यामुळे उपकरणांत ती वारेमाप घालण्यात आली आणि माल गळू नये या सद्‌हेतूने रांगा लांबत गेल्या. या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव अमेरिकी संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास रूढ केले.

हा दोष ओळखणे सोपे आहे आणि त्यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. कार्यालयातील एखाद्या संगणकावरून बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर ‘पिंग’ ही आज्ञा सतत चालू ठेवावी. ही आज्ञा एक लहानसे पॅकेट पाठवून त्याचे उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते दर सेकंदाला दाखविते. मग दुसऱ्या संगणकावरून एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावावी. आधी १२, १४, १३ असे येणारे आकडे फाइल चढू लागताच ९०, २४०, ३८० असे उड्या मारू लागले आणि फाइल चढून संपताच पुन्हा १३ वर आले, तर दोष फोनमध्ये नाही, रांगेत आहे. अनेक कार्यालयांत आवाज नेमका दुपारी चारला किंवा सायंकाळी निघण्याच्या वेळी तुटतो, कारण त्याच वेळी हिशेबाच्या संगणकाचा बॅकअप सुरू झालेला असतो. आणि क्लाउडवर चित्रण पाठविणारे सीसीटीव्ही कॅमेरे असतील तर हे दिवसभर चालू राहते. अशा वेळी फोनच्या सेटिंगची पाने उलटीत बसणे म्हणजे ताप मोजून झाल्यावर थर्मामीटर दुरुस्तीला देण्यासारखे आहे.

रांगेवरचे उपाय दोन आहेत आणि ते एकत्रच करायचे असतात. पहिला असा की रांग आपल्या ताब्यातील ठिकाणी आणावी. इंटरनेट कंपनीच्या मोडेममध्ये लागणारी रांग ग्राहकाला दिसत नाही आणि तिच्यावर त्याचा अधिकारही नसतो. म्हणून आपल्या राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या मालाची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगापेक्षा किंचित कमी, साधारणपणे ९० टक्क्यांवर ठेवावी. वेग १९ एमबीपीएस भरत असेल तर राउटरला १७ सांगावे. मग माल मोडेममध्ये तुंबत नाही, राउटरमध्ये तुंबतो, आणि राउटरला त्यातील आवाज वेगळा काढून पुढे सोडता येतो. या क्रियेला शेपिंग म्हणतात. घेतलेल्या वेगातील दहावा भाग स्वतःहून सोडून द्यायचा हे व्यवस्थापकांच्या गळी उतरविणे कठीण जाते, परंतु फोनचा आवाज सुधारणाऱ्या साऱ्या सेटिंगमध्ये परिणाम देणारे हे सर्वांत मोठे सेटिंग आहे. नव्या राउटरांत रांग स्वतःहून आखूड ठेवणाऱ्या पद्धतीही असतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘कोडेल’ ही पद्धत आणि तिची ‘एफक्यू-कोडेल’ ही सुधारित आवृत्ती त्यांत प्रमुख आहेत. राउटरच्या पानावर त्या ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावांखाली सापडतात.

दुसरा उपाय म्हणजे आवाजाच्या पॅकेटांवर खूण करणे. प्रत्येक पॅकेटाच्या पत्त्याच्या भागात एक बाइट अग्रक्रम सांगण्यासाठी राखलेला असतो आणि त्यातील पहिल्या सहा बिटांत ० ते ६३ पैकी एक क्रमांक लिहिता येतो; त्याला ‘डीएससीपी’ म्हणतात. आवाजासाठी ४६ हा क्रमांक ठरलेला आहे आणि त्या वर्गाला ‘ईएफ’, म्हणजे तातडीने पुढे सोडण्याचा वर्ग, असे नाव आहे. घंटी वाजविणे, फोन उचलल्याचे कळविणे, ठेवल्याचे कळविणे असे निरोप वेगळ्या पॅकेटांतून जातात आणि त्यांच्यासाठी सहसा २४ किंवा २६ वापरतात. येथे एक खाचखळगा आहे. काही फोनच्या पानावर ‘डीएससीपी’ असा रकाना असतो, तर काहींवर ‘टॉस’ असा, आणि टॉस म्हणजे सहा बिट नव्हेत, पुरा आठ बिटांचा बाइट. सहा बिटांतील ४६ आठ बिटांत लिहिले की त्याचे चौपट, म्हणजे १८४ होतात. टॉसच्या रकान्यात भाबडेपणाने ४६ भरले तर पहिल्या सहा बिटांत ११ हा आकडा उरतो, ज्याला ठरलेला असा काही अर्थ नाही. राउटर त्या पॅकेटांना सामान्य मालात ढकलतो, फोनच्या पानावर मात्र सर्व काही बरोबर भरलेले दिसते. खूण बरोबर असूनही फायदा होत नसेल तर पहिली शंका या रकान्यावर घ्यावी.

दुसरी शंका स्विचवर घ्यावी. फोन आणि संगणक ज्या पेटीला जोडलेले असतात त्या स्विचला प्रत्येक यंत्राने लावलेली खूण मान्य करायची की पुसून टाकायची हे सांगावे लागते, आणि कित्येक स्विच मुळात पुसून टाकण्याच्या स्थितीत येतात. संगणकावरच चालणारा फोन, ज्याला सॉफ्टफोन म्हणतात, तो वापरत असल्यास विंडोज प्रणाली बहुधा त्या कार्यक्रमाची खूण लागू देत नाही. त्यासाठी प्रशासकाला प्रणालीतच वेगळे धोरण घालावे लागते. शिवाय या खुणेचा अधिकार कार्यालयाच्या वेशीपर्यंतच असतो. सार्वजनिक इंटरनेटवर पुढचे राउटर तिची दखल घेतीलच असे नाही, आणि बहुतेक घेत नाहीत. तथापि गर्दी जर वेशीवरच होत असेल, आणि ती बहुधा तेथेच होते, तर तेवढा अधिकार पुरेसा ठरतो. अग्रक्रमाच्या रांगेलाही मर्यादा घालावी, एकूण मार्गाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक तिला देऊ नये, असा रूढ संकेत आहे. सगळेच तातडीचे झाले तर तातडी उरत नाही.

मोठ्या कार्यालयात फोनसाठी ‘व्हॉइस व्हीलॅन’ करतात, म्हणजे त्याच तारांवर फोनांचे एक वेगळे कल्पित जाळे आखतात. त्यामुळे संगणकांचा गोंगाट फोनांपर्यंत पोहोचत नाही आणि सुरक्षाही वाढते. मात्र वेशीवरच्या रांगेवर हा उपाय नव्हे, आणि दहा फोनच्या कार्यालयाने त्याची घाई करू नये. वाय-फायवरील फोनचे दुखणे निराळे आहे. तेथे हवा सर्वांची सामाईक असते, आणि पुष्कळ उपकरणे डीएससीपीचे फक्त पहिले तीन बिट पाहून वाय-फायचा अग्रक्रम ठरवीत असल्यामुळे ४६ ही खूण आवाजाच्या वर्गात न पडता चित्रफितीच्या वर्गात पडते. हा घोळ निस्तरण्यासाठी २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक संघटनेला स्वतंत्र दस्तऐवज काढावा लागला. मेजावरच्या फोनला तार जोडता येत असेल तर तार जोडावी, इतकेच येथे सांगणे पुरे.

रांग मार्गी लागल्यावर फोनकडे वळण्यात अर्थ आहे, आणि तेथे पहिला प्रश्न कोडेकचा. कोडेक म्हणजे आवाजाचे अंकांत आणि अंकांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारी पद्धत. जी.७११ चा उल्लेख वर आला. तिच्या दोन बोली आहेत, ए-लॉ आणि म्यू-लॉ. भारत आणि युरोप यांच्या दूरध्वनी व्यवस्थेत ए-लॉ चालते, अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ. परदेशी बनावटीच्या फोनमध्ये म्यू-लॉ पुष्कळदा पहिल्या क्रमांकावर असते, आणि भारतातील बाहेरचे फोन ज्यांना लावायचे आहेत त्यांनी यादीत ए-लॉ वर आणावे, म्हणजे वाटेत एक भाषांतर वाचते. ‘जी.७२९’ ही १९९० च्या दशकातील पद्धत आवाज ६४ ऐवजी ८ केबीपीएसमध्ये बसविते आणि कंजूष मार्गांवर तिने मोठी सेवा केली. परंतु येथेही अंकगणित करून पाहावे: २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे २० बाइट आणि वरचे वेष्टन तेच ४० बाइटांचे, म्हणजे चिठ्ठीपेक्षा लिफाफा दुप्पट जड. आठपट वाटणारी बचत प्रत्यक्षात ८० विरुद्ध २४ अशी, सव्वातीनपटीची उरते, आणि तिच्या बदल्यात आवाज किंचित दबतो. आजच्या जोडण्यांवर हा सौदा क्वचितच परवडतो.

याउलट १९८८ मधील ‘जी.७२२’ ही पद्धत जी.७११ इतकेच, म्हणजे ६४ केबीपीएस घेऊन आवाजाचा दुप्पट पट्टा पोहोचविते. जुन्या दूरध्वनीवरून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचेच स्वर जातात, हिच्यावरून ५० ते ७,००० हर्ट्‌झपर्यंतचे. मराठी बोलणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. ‘स’ या वर्णाची बहुतेक शक्ती ४,००० हर्ट्‌झच्या वर असते, म्हणजे जुन्या पट्ट्यात तो जवळपास कापलाच जातो. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च यांना वेगळे करणारा घर्षणाचा आवाजही वरच्याच भागात असतो, आणि महाप्राण वर्णांना ओळख देणारा श्वासाचा झोत फार क्षीण व क्षणिक असतो. फोनवर ‘सात’ आणि ‘साठ’ यांची गल्लत होते आणि मग हिशेबनीस ‘सहा शून्य’ असे सुटे अंक सांगू लागतात, त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे. कार्यालयाच्या अंतर्गत बोलण्यासाठी जी.७२२ यादीत सर्वांत वर ठेवावी; सेवा देणारी कंपनी मान्य करीत असेल तर २०१२ मध्ये प्रमाणित झालेली, गरजेनुसार आपला वेग कमीजास्त करणारी आणि कोणतेही स्वामित्वशुल्क नसलेली ‘ओपस’ ही पद्धत त्याहून चांगली. मात्र बाहेरच्या तांब्याच्या तारेवरील फोनशी बोलताना पट्टा पुन्हा अरुंदच होतो, आणि त्यावर कार्यालयातील कोणत्याही सेटिंगचा इलाज नाही.

जिटर बफर हे दुसरे महत्त्वाचे सेटिंग आहे. नळाला पाणी कधी जोरात, कधी बारीक, कधी थांबून थांबून येते. गच्चीवरच्या टाकीत साठविले की खालच्या तोटीला सारखी धार लागते. फोनमधील जिटर बफर म्हणजे अशी टाकी. वेड्यावाकड्या अंतराने आलेली पॅकेटे तेथे क्षणभर थांबतात, क्रमाने लागतात आणि मग सारख्या गतीने ऐकविली जातात. टाकी लहान ठेवली तर धार तुटते, मोठी ठेवली तर ती भरेपर्यंतचा वेळ विलंबात जमा होतो. जिटर बफर कितीही वाढविता येतो ही समजूत म्हणूनच घातक आहे. बहुतेक फोनमध्ये ‘फिक्स्ड’ आणि ‘अडॅप्टिव्ह’, म्हणजे ठरलेला आणि परिस्थितीनुसार बदलणारा, असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडावा, किमान ४० मिलिसेकंदांच्या आसपास आणि कमाल १५० ते २०० ठेवावे. जिटर वारंवार कमाल मर्यादेला भिडत असेल तर मर्यादा न वाढविता पुन्हा वेशीवरच्या रांगेकडे जावे.

एखादे पॅकेट गळाले तर फोन मागच्या आवाजाचीच नक्कल करून ती फट बुजवितो, आणि एकट्यादुकट्या २० मिलिसेकंदांची फट कानाला कळतही नाही. लागोपाठ पाचसात पॅकेटे गेली तर मात्र अख्खे अक्षर नाहीसे होते. ‘माल पाठवू नका’ या वाक्यातील एक ‘न’ गळाला की पलीकडे ‘माल पाठवू का’ ऐकू येते आणि तिकडून ‘हो, पाठवा’ असे उत्तर मिळते. एक टक्का गळती चालण्याजोगी मानतात, पण तो टक्का विखुरलेला आहे की एकगठ्ठा, हे आकड्यात दिसत नाही.

मौन दाबण्याचे एक सेटिंग असते, ‘साइलेन्स सप्रेशन’ किंवा ‘व्हॅड’ नावाचे. माणूस बोलत नसताना पॅकेटे पाठवायची नाहीत अशी ही काटकसर आहे. बोलणे पुन्हा सुरू झाल्याचे यंत्राला कळेपर्यंत पहिला वर्ण निसटतो, पंख्याच्या आवाजाने यंत्र फसते, आणि पलीकडे एकदम पसरलेल्या निर्जीव शांततेमुळे ‘फोन कट झाला का?’ असे विचारले जाते. ही शांतता झाकण्यासाठी फोन कृत्रिम खरखर निर्माण करतात हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. दर संभाषणाला ८० केबीपीएस परवडणाऱ्या कार्यालयाने हे सेटिंग बंद ठेवावे.

घुमण्याविषयी एकच नियम ध्यानात ठेवला तर पुष्कळ वेळ वाचतो: ज्याला स्वतःचा आवाज घुमून ऐकू येतो त्याचा फोन सहसा निर्दोष असतो, दोष पलीकडच्या टोकाला असतो. तेथील स्पीकरमधून निघालेला आवाज तेथीलच मायक्रोफोनमध्ये शिरून परत येतो. तो परतीचा आवाज विलंब अल्प असताना कानाला कळत नाही, विलंब वाढला की तोच प्रतिध्वनी ठरतो. प्रतिध्वनी पुसणारी व्यवस्था, ‘एको कॅन्सलर’, चालू ठेवून पलीकडच्या फोनचा स्पीकर आणि मायक्रोफोनची पातळी थोडी उतरवावी. ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणाऱ्या यंत्राला एक दाबल्याचे कळतच नसेल, तर तोही सेटिंगचाच प्रश्न असतो. बटणाचा सूर आवाजातून न पाठविता वेगळ्या पॅकेटातून पाठवावा, त्यासाठी फोनच्या पानावर ‘आरएफसी २८३३’ किंवा ‘४७३३’ हा पर्याय असतो. आणि घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण आवाज एकाच बाजूला येतो अशी तक्रार असेल, तर राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ ही सोय बंद करावी. फोनला मदत करण्यासाठी बनविलेली ही सोय पॅकेटांतील पत्ते बदलण्याच्या नादात त्यांचा गोंधळ करून ठेवते. तिच्यामुळे झालेला त्रास तिच्यामुळे झालेल्या मदतीपेक्षा खचितच जास्त आहे.

बदल केल्यावर फरक पडला की नाही हे कानावर सोपवू नये. आवाजाच्या गुणवत्तेला १ ते ५ गुण देण्याची ‘एमओएस’ नावाची मोजणी आहे. मुळात ऐकणाऱ्या माणसांना बसवून त्यांच्या गुणांची सरासरी काढीत, आता फोन आणि सर्व्हर विलंब, जिटर, गळती यांवरून तिचा अंदाज बांधतात. जी.७११ वरील निर्दोष संभाषणाला सुमारे ४.४ आणि जी.७२९ ला ४ च्या जरा खाली गुण मिळतात, त्यामुळे ५ ची अपेक्षा धरून कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, ३.५ च्या खाली घसरण वारंवार होत असेल तर मात्र अवश्य भांडावे, आणि भांडताना पिंगच्या आकड्यांची नोंद वेळेसह पुढे ठेवावी. जुनी मूल्ये वहीत लिहून ठेवावीत आणि एका दिवशी एकच सेटिंग बदलावे, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. राउटरचे फर्मवेअर अद्ययावत झाल्यावर एसआयपी एएलजी पुष्कळदा आपोआप पुन्हा चालू झालेले असते आणि शेपिंगचा आकडा पुसला गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय भरण्याआधी ती दोन पाने एकदा उघडून पाहावीत.